दचकणं म्हणजे भित्रेपणा नव्हे
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)

हप्ते झाले, कर्जाचे अर्ज झाले. आता थोडा वेळ वेगळ्या विषयाला द्या. विषय आहे दचकणं.

भांडं पडलं, फटाका वाजला, की आपण दचकतो. मग कुणीतरी म्हणतंच, "किती भित्री गं तू!" पण दचकताना भ्यायला वेळच मिळालेला नसतो. आवाज कानात शिरल्यापासून पापणी मिटायला लागेपर्यंत सेकंदाचा विसावा हिस्सासुद्धा जात नाही. आवाज कसला हे समजायच्या आधी मेंदूच्या बुडातून हुकूम सुटलेला असतो. लँडिस आणि हंट या दोन अमेरिकन संशोधकांनी लोकांजवळ पिस्तुलाचा बार काढून त्यांचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. १९३९ साली त्यावर पुस्तक काढलं. डोळे मिटतात, मान पुढे येते, खांदे वर चढतात, कोपरं आणि गुडघे वाकतात. थोडंफार सगळ्यांचं हेच. डार्विनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने प्राणिसंग्रहालयात विषारी सापाच्या जाड काचेला तोंड लावलं होतं, मागे हटायचं नाही असं पक्कं ठरवून. साप काचेवर झेपावला आणि हे गृहस्थ एक-दोन यार्ड मागे! त्यांनी स्वतःच १८७२च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. तेव्हा तुम्हाला कुणी हसलं तर हे सांगा.

आता बाळाचं. तान्हं बाळ दचकलं की आपण मीठ-मोहरी उतरवतो. उतरवा, माझी हरकत नाही. पण ते दचकणं तब्येतीची खूण आहे. मोरो नावाच्या डॉक्टरने १९१८ मध्ये ते नीट वर्णन करून ठेवलं, म्हणून डॉक्टर त्याला मोरोची प्रतिक्रिया म्हणतात. बाळ दोन्ही हात फाकवतं, बोटं उघडतात, मग मिठी मारल्यासारखे हात जवळ घेतं आणि रडतं. साधारण चार ते सहा महिन्यांत हे आपोआप जातं. एकच हात उघडत असेल तर बाळंतपणात खांद्याच्या हाडाला किंवा हाताच्या शिरेला इजा झालेली असू शकते. लगेच दाखवायचं. आणि आवाज वगैरे काही नसताना, बहुतेक वेळा झोपेतून उठल्यावर, बाळ एकामागोमाग एक झटके देऊन आखडत असेल, तर ते दचकणं नव्हे, ती आकडी असू शकते. अशा वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा.

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवतं ते न दचकणारं बाळ. "आमचं लेकरू लई गुणाचं, शेजारी डीजे वाजला तरी झोपलेलं," असं आपण कौतुकाने सांगतो. असेलही गाढ झोपलेलं. पण जागेपणीही मोठ्या आवाजाने पापणी हलत नसेल, तर कान तपासायलाच हवेत. घरी थाळी वाजवून बघू नका. थाळीचा हादरा अंगाला जाणवतो, बाळ वळतं आणि आपण निर्धास्त होतो. कानात बारीक बोंडी घालून यंत्राने तपासणी होते, ती दुखत नाही. डॉक्टरांचा हिशेब एक-तीन-सहाचा आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. कारण ऐकू आलं तर बोलणं येतं. २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरहून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मतः बहिरेपणाची तपासणी आहे. अंगणवाडीत पथक येईल तेव्हा "बाळाचे कान बघितले का?" हे स्वतः विचारा. आशाताईंनाही विचारा.

गोठ्यात याच गोष्टीचे पैसे जातात. १९४१ साली एली आणि पीटरसन यांनी धारेच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फोडल्या. गाय बुजली, दूध उतरेना. आपण म्हणतो गाय दूध चोरते. ती चोरत नाही! कास चोळली की तिच्या रक्तात पान्ह्याचं संप्रेरक येतं आणि ते काही मिनिटंच टिकतं. भीतीचं रसायन त्याच्या आड येतं. म्हणून धारेच्या वेळी कुत्रं, ओरडा, काठी गोठ्याबाहेर. आणि पान्ह्याचं इंजेक्शन पशुवैद्यकाशिवाय कुणाकडून टोचून घेऊ नका.

जनावर आवाजाला सरावतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. घोडा मुळात बुजणारा प्राणी. तरी बेलवडीच्या गोल रिंगणात टाळ-मृदंग आणि एवढ्या माणसांतून तो दौडतो. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला आणि त्यातून इजा झाली नाही, की दचकणं कमी होत जातं.

पण इजा होत राहिली तर उलट होतं. उंदरांना आधी एका दिव्याबरोबर विजेचा सौम्य झटका दिला, तर पुढे तो दिवा लागलेला असताना ते आवाजाला जास्त दचकतात. माणूस तर नुसत्या अंधारातही जास्त दचकतो. गंमत म्हणजे उंदीर उजेडात जास्त दचकतो, कारण त्याला धोका उजेडात.

आता आपल्या गटातली एखादी आठवा. दार आपटलं की उडते, फोन वाजला की चेहरा उतरतो. अपघात, मारहाण, घरातला अचानक मृत्यू यांनंतर असं महिनोन् महिने राहू शकतं, आणि डॉक्टर ते आजाराचं लक्षण धरतात. त्यावर उपचार आहेत. तिला मुद्दाम मागून "भॉ" करू नका. बैठकीत सगळ्यांसमोर विचारूही नका. पैसे मोजताना, वाटेने जाताना एकटीला विचारा, "झोप लागते का गं?" ती बोलली तर ऐकून घ्या, लगेच सल्ला नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं म्हणाली तर सोबत जा. मारहाण होत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने लिहून ठेवा, म्हणजे जिला लागेल तिला कुणाला न विचारता मिळेल.