जहाजाची यादी आणि चर्चची वही

इ. स. १६२० मध्यें ‘मेफ्लॉवर’ जहाज १०२ उतारू घेऊन अमेरिकेस गेलें. त्यांत जॉन हाउलंड नांवाचा एक सेवक होता. त्याची पत्नी म्हणजे प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर कार्व्हर यांची कन्या, असा समज त्याच्या वंशजांत पुष्कळ काळ रूढ होता. आपलें कुळ थोर असावें, असें कोणास वाटत नाहीं?

परंतु पुढील गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांची हरवलेली हस्तलिखित बखर १८५५ मध्यें लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयांत आढळली. तींतील उतारूंच्या यादीवरून हाउलंडची पत्नी ही सहप्रवासी जॉन टिली याची मुलगी एलिझाबेथ असल्याचें ठरलें. तिचे आईबाप किनाऱ्यास लागल्यावर थोड्याच दिवसांत वारले होते.

यादींत तिचें गांव नव्हतें. तें इंग्लंडांतील चर्चच्या वहीनें पुरविलें. बेडफर्डशायरमधील हेन्लो येथें १६०७ च्या ऑगस्टमध्यें तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. म्हणजे पोरकी झाली तेव्हां ती अवघी १३ वर्षांची होती. हाउलंडशीं संसार थाटून तिनें पुढें दहा मुलें वाढविलीं.

ऐकीव थोरवीपायीं या मुलीचें नांवच पुसलें गेलें होतें. म्हणून पूर्वजांचा शोध घेणाऱ्यानें यादी आणि वही दोन्ही ताडून पाहाव्यात.