ब्रिजचे काही ठोकताळे



स्नेहसंमेलनात पत्त्यांवर भाषण ठेविले म्हणून काही वडील मंडळी नाराज आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांची शंका निराधार नव्हे. दिवाळीत आणि पुढे मंडईच्या दिवसांत धानाचे आलेले पैसे पत्त्यांपायी गमावणारी माणसे आपल्या गोंदियाकडे सर्वांच्या पाहण्यात आहेत. परंतु ब्रिज ही निराळी वस्तू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीस मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविले, तेव्हा तुलनेस ब्रिजच घेतला होता. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या एका जोडीने ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळविले. ते दोघेही पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते! पैसे लावले की मात्र कोणताही खेळ जुगारच, या मतास आम्हीही बांधलेले आहोत.

ज्यास मेंढीकोट येतो त्यास ब्रिज अर्धा आलाच. समोरासमोर भिडू, हुकूम, चार पानांचा हात, सारे तेच. नवी आहे ती बोली. एक्क्यास ४, राजास ३, राणीस २ व गुलामास १ असे गुण धरावे. बावन्न पानांत एकूण ४० भरतात. १३ च्या आसपास गुण असल्यावाचून बोलीस आरंभ करू नये. भिडूंचे मिळून २६ होत असतील व इस्पिक किंवा बदाम जुळत असेल, तर १० हातांची बोली करण्यास कचरू नये.

खेळताना दुसऱ्याने लहान पान टाकावे, तिसऱ्याने मोठे. हा ठोकताळा पुष्कळ जण पाठ म्हणतात, कारण मात्र विसरतात. बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची पाने मेजावर उघडी मांडतात. त्या भिडूस डमी म्हणतात. समजा, डमीत एक्का व गुलाम दिसत आहेत, आपल्याजवळ राजा आहे, आणि उजवीकडून दुर्री आली. राजा टाकाल तर एक्का त्यास गिळील आणि मागचा गुलाम वजनदार होईल. लहान पान टाकाल तर मागे आपला भिडू आहेच; राणी कदाचित त्याच्याकडे असेल. याउलट उजवीकडून राणीच आली, तर बहुधा राजाने झाकावी, म्हणजे आपल्या बाजूची दश्शी वर येते. ठोकताळा कोठे मोडावा, हे असे डमीकडे पाहूनच कळते.

आणखी एक गोष्ट. मेंढीकोटात डोळे मिचकावणे, खाकरणे, पान आपटणे आपण हसण्यावारी नेतो. ब्रिजमध्ये ते सर्वथा वर्ज्य आहे. भिडूशी बोलावयाचे ते बोलीने आणि पानानेच. म्हणून तर भिडूने काढलेला रंग, विशेष कारण नसल्यास, हात मिळताच परत खेळावा. त्याचे म्हणणे आपण ऐकले, एवढाच त्याचा अर्थ. घराघरांतून नवराबायको भिडू झाले की तिसऱ्या हातालाच भांडण जुंपते, ते याच ठिकाणी. डाव संपेपर्यंत भिडूस बोल लावू नये. संपल्यावर पाने पुन्हा मांडून पाहावी.

शेजारच्या दालनात दोन मेजे मांडली आहेत. भगिनींनीही बसावे, आणि नाराज वडिलांनी निदान एक डाव मागे उभे राहून पाहावा, अशी आमची विनंती आहे.