पायाखालची जमीन



'पायाखालची जमीन सरकणे' हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. एखादी वाईट बातमी अचानक कानी आली, की माणूस म्हणतो, "माझ्या पायाखालची जमीनच सरकली!" जी कधीच हलणार नाही अशी आपली खात्री असते, ती वस्तू म्हणजे जमीन. आपल्या पूर्वजांनी तर पृथ्वीला 'अचला' असे नाव दिले. अचला म्हणजे न हलणारी. घर बांधायचे ते जमिनीवर, झाड लावायचे ते जमिनीत. तीच चालू लागली तर कसे व्हायचे?

पण मुलांनो, जमीन खरोखरच चालते. तुम्ही आता ज्या जमिनीवर बसला आहात, तीही या क्षणी चालत आहे. ही गोष्ट जगाला पटवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, अशा एका शास्त्रज्ञाची आणि त्यांच्या देशातील दगडांची ओळख मी आज तुम्हांला करून देणार आहे. देशाचे नाव कॅनडा आणि शास्त्रज्ञांचे नाव जॉन टुझो विल्सन.

जगाचा नकाशा समोर घ्या. उत्तर अमेरिका खंडाचा वरचा मोठा भाग दिसतो ना? तोच कॅनडा. हा देश आकाराने भारताच्या सुमारे तिप्पट आहे. त्याच्या पूर्वेला अटलांटिक महासागर आणि पश्चिमेला पॅसिफिक महासागर आहे. याच देशातील ओटावा शहरात २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विल्सन यांचा जन्म झाला. त्यांच्या आई हेन्रिएटा टुझो या गिर्यारोहक होत्या. १९०६ साली रॉकी पर्वतातील एका शिखरावर त्यांनी चढाई केली. त्याआधी त्या शिखरावर कोणी पोचले नव्हते. त्या शिखराला पुढे 'माउंट टुझो' हेच नाव मिळाले. आईचे माहेरचे नाव मुलाच्याही नावात आले. डोंगरांची ओढही आली. विद्यार्थी असताना विल्सन उन्हाळ्याच्या सुट्टीत भूशास्त्रज्ञांच्या तुकड्यांबरोबर रानावनांत जात आणि दगड तपासत.

दगडांत तपासण्यासारखे काय असते, असे तुम्हांला वाटेल. तर ऐका. दगडांची तीन मोठी कुळे आहेत.

पहिले कूळ अग्नीतून जन्मलेले. आपल्या महाराष्ट्रातला काळा दगड याच कुळातला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. त्यांतून तापलेला लाव्हारस थरांवर थर पसरत गेला आणि थंड होऊन त्याचा दगड झाला. आपला सह्याद्री अशा थरांचा बनला आहे. आजीचे जाते, पाटा आणि वरवंटा याच दगडाचे आणि अजिंठ्याची लेणीही याच दगडात कोरलेली. या कुळाला अग्निजन्य खडक म्हणतात.

दुसरे कूळ गाळाचे. नद्या वाळू आणि माती वाहून नेतात. ती समुद्राच्या तळाशी साचते. एका थरावर दुसरा थर बसतो. खालचा थर दाबाने घट्ट होतो आणि त्याचा दगड बनतो. हे स्तरित खडक. कॅनडाच्या रॉकी पर्वतात असे खडक पुष्कळ आहेत.

तिसरे कूळ बदललेल्या खडकांचे. जमिनीच्या पोटात प्रचंड दाब असतो, प्रचंड उष्णताही असते. तिथे सापडलेला दगड आपले रूप बदलतो. जणू भट्टीत भाजलेली वीट! यांना रूपांतरित खडक म्हणतात. कॅनडाच्या वायव्य भागात अकास्टा नावाची नदी आहे. तिच्या काठी असा एक खडक सापडला. त्याचे वय आहे सुमारे ४०० कोटी वर्षे! आजवर ज्ञात असलेल्या अतिशय जुन्या खडकांपैकी तो एक आहे.

आता एक कोडे. १९०९ साली चार्ल्स वॉलकॉट या शास्त्रज्ञांना रॉकी पर्वतात, २००० मीटरहून अधिक उंचीवर, स्तरित खडकाच्या पातळ लाद्या सापडल्या. त्या लाद्यांवर चिमुकल्या प्राण्यांचे ठसे उमटले होते. अशा ठशांना जीवाश्म म्हणतात. हे प्राणी ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे होते आणि ते सगळे समुद्रातले होते! समुद्रातले प्राणी डोंगराच्या माथ्यावर कसे गेले? ते काही चालत गेले नाहीत. समुद्राचा तळच उचलला जाऊन डोंगर झाला होता. पण एवढा मोठा तळ उचलला कोणी?

त्या काळच्या पुष्कळ शास्त्रज्ञांचे उत्तर असे होते, की पृथ्वी हळूहळू थंड होत आहे, म्हणून ती आक्रसते. ताजा आवळा गुळगुळीत असतो. तो सुकला, की त्याला सुरकुत्या पडतात. पृथ्वीच्या सुरकुत्या म्हणजे डोंगर, असे ते म्हणत.

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञांचे मत वेगळे होते. १९१२ साली त्यांनी सांगितले, की सर्व खंड एके काळी एकत्र होते आणि नंतर ते एकमेकांपासून दूर गेले. आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा नकाशात पाहा. फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे जुळावेत तसे ते जुळतात. तरीही बहुतेकांना हे पटले नाही. "एवढे मोठे खंड चालतील कसे? त्यांना ढकलणार कोण?" असे ते विचारत. वेगेनर १९३० साली वारले, तोपर्यंत त्यांचे म्हणणे थोड्यांनीच मानले होते.

न मानणाऱ्यांत आपले विल्सनही होते बरे का! ते टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक होते, मोठे विद्वान होते. अनेक वर्षे ते हेच सांगत, की खंड जागचे हलत नाहीत.

मग बोटींवर उपकरणे बसवून शास्त्रज्ञांनी महासागरांचे तळ तपासले. अटलांटिकच्या तळाशी मधोमध एक लांबच लांब पर्वतरांग आढळली. तिच्या माथ्यावर भेग होती. त्या भेगेतून नवा खडक तयार होत होता आणि दोन्ही बाजूंना सरकत होता. हे पुरावे विल्सन यांनी नीट तपासले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. एवढी वर्षे जे शिकवले, ते सोडून देणे सोपे नसते. "माझेच खरे" म्हणून ते अडून बसू शकले असते. पण त्यांनी आपले मत बदलले आणि त्याच विषयाच्या अभ्यासाला ते नव्या उत्साहाने लागले.

पॅसिफिक महासागरात हवाई बेटांची रांग आहे. रांगेच्या एका टोकाच्या बेटावर जिवंत ज्वालामुखी आहेत. तिथून जसजसे दूर जावे, तसतशी बेटे अधिकाधिक जुनी होत जातात. असे का? कल्पना करा, की खाली एक पणती जळत आहे आणि तिच्यावरून कोणी पत्रा हळूहळू सरकवत नेत आहे. पत्र्यावर काजळीचे डाग एकापुढे एक उमटत जातील. पणती मात्र तिथेच राहील. विल्सन यांनी १९६३ साली असेच उत्तर दिले. जमिनीखाली खोल एक तप्त जागा आहे. तिच्यावरून समुद्राचा तळ सरकत जातो आणि एकामागून एक बेट तयार होते. त्यांचा हा लेख एका नियतकालिकाने छापायला नकार दिला. मग तो कॅनडातील दुसऱ्या नियतकालिकात छापून आला. आज ही कल्पना जगभर शिकवली जाते.

तर मग जमीन चालते कशी? उकडलेले अंडे टिचकवले, की त्याच्या कवचाला तडे जातात आणि त्याचे लहानमोठे तुकडे दिसतात. पृथ्वीचे कवचही असेच तुकड्यातुकड्यांचे आहे. या प्रचंड तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. खंड आणि महासागरांचे तळ यांच्यावरच असतात. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे खालचे खडक अतिशय मंद गतीने वरखाली होत राहतात आणि भूपट्ट सरकत राहतात. किती वेगाने? अमेरिका आणि युरोप वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर जात आहेत. तुमच्या बोटांची नखे जवळजवळ याच गतीने वाढतात!

आता तुमच्या दोन वह्या बाकावर शेजारी शेजारी ठेवा. त्या एकमेकींपासून दूर सरकवा. मध्ये फट पडली. अटलांटिकच्या तळाशी असेच होते. आता त्या एकमेकींवर ढकला. कडा वर उचलली जाते, नाहीतर एक वही दुसरीच्या खाली शिरते. पर्वत असेच उचलले गेले. आता एक वही पुढे आणि दुसरी मागे अशा त्या घासत न्या. ही तिसरी हालचाल. ती विल्सन यांनी १९६५ साली उलगडून दाखवली. ती समजावून देण्यासाठी त्यांनी कागदाला घडी घालून एक साधा नमुना केला होता.

पुढच्याच वर्षी, १९६६ साली, विल्सन यांनी आणखी एक प्रश्न विचारला. कॅनडाच्या पूर्वेला न्यू फाउंडलंड नावाचे मोठे बेट आहे. तिथल्या पश्चिम भागातील जुने जीवाश्म अमेरिकेतल्या जीवाश्मांसारखे आहेत. पण पूर्व भागातील जीवाश्म युरोपातल्यांसारखे आहेत. एकाच बेटावर दोन खंडांचे दगड! मग अटलांटिकच्या जागी पूर्वी एक महासागर होता, तो मिटला आणि पुन्हा नवा उघडला, असे तर झाले नसेल? महासागर मिटला, तेव्हा दोन्ही काठ एकमेकांना चिकटले. पुन्हा उघडला, तेव्हा तो थोड्या वेगळ्या जागी फाटला आणि पलीकडचा एक तुकडा अलीकडे राहून गेला. विल्सन यांचा तर्क पुढे खरा ठरला. याच बेटावर ग्रोस मॉर्न नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. एरवी जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल असणारा खडक तिथे उघड्यावर दिसतो. तो पिवळसर तपकिरी आहे आणि त्याच्यावर झाडे फारशी उगवत नाहीत. महासागर मिटताना तो वर ढकलला गेला. १९८७ साली या उद्यानाला जागतिक वारशाचा मान मिळाला.

मुलांनो, जमीन चालते हे कळून आपला काय फायदा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळते. तिथे समुद्राच्या तळाचा एक भूपट्ट खंडाच्या खाली शिरत आहे. तो कधी अडकून बसतो. ताण वाढत जातो आणि एक दिवस तो झटक्यात सुटतो. २६ जानेवारी १७०० च्या रात्री असेच झाले. फार मोठा भूकंप झाला आणि समुद्राच्या उंच लाटा उसळल्या. किनाऱ्यावरील एक गाव त्या रात्री वाहून गेल्याची आठवण तिथल्या मूळ रहिवाशांनी पिढ्यान्पिढ्या सांगत जपली. त्या लाटा महासागर ओलांडून जपानला पोचल्या. तिथे भूकंप जाणवला नव्हता, तरी लाटा कशा आल्या, याचे आश्चर्य करत जपानी लोकांनी त्यांची नोंद करून ठेवली. १९९६ साली शास्त्रज्ञांनी या लाटांचा आणि कॅनडाच्या बाजूच्या भूकंपाचा संबंध जोडून दाखवला. असा भूकंप तिथे पुन्हा होऊ शकतो. म्हणून तिथल्या शाळांतील मुले सराव करतात. खाली बसायचे, बाकाखाली शिरून डोके आणि मान झाकायची, बाकाचा पाय घट्ट धरायचा आणि हादरे थांबेपर्यंत तसेच राहायचे.

हा सराव आपल्यालाही यायला हवा. आपला भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटरने उत्तरेकडे सरकत आहे. त्याने आशियाला धडक दिली, म्हणून हिमालय उभा राहिला. तो रेटा अजून चालूच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने हादरली. लोक झोपेत होते. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तिथल्या घरांच्या भिंती जाड होत्या. पण त्यांचे दगड नुसत्या मातीत रचलेले होते. हादरा बसताच ते खाली आले. भूकंप कोणी थांबवू शकत नाही आणि तो कधी होईल हेही आधी सांगता येत नाही. पण घर कसे बांधावे आणि हादरे बसताना कसे वागावे, हे आपल्या हाती आहे.

विल्सन यांचा मृत्यू त्याच वर्षी, १९९३ साली, टोरांटो येथे झाला. १९७४ ते १९८५ या काळात ते टोरांटोमधील एका मोठ्या विज्ञान केंद्राचे प्रमुख होते. तिथे मुलांनी वस्तूंना हात लावावा आणि स्वतः करून पाहावे, अशी सोय होती.

तुम्हीही तेच करा. उद्या शाळेत येताना प्रत्येकाने एक दगड आणा. कोणी ओढ्यातला आणा, कोणी शेतातला, कोणी डोंगरावरचा. सगळे दगड एका ओळीत मांडा. त्यांचा रंग पाहा, थर आहेत का पाहा, भोके आहेत का पाहा. कोणता दगड कोणत्या कुळातला, याविषयी आपापले मत वहीत लिहा. मग आपल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा. तुमचे मत चुकले, तर ते खोडा आणि बरोबर असेल ते लिहा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. टुझो विल्सन यांनीही तेच केले होते.