वृत्तनिवेदन आणि भाषा समिती
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मी प्रदीप भिडे यांच्याविषयी बोलणार आहे. धर्मसभेत दूरदर्शनच्या वृत्तनिवेदकाचे नाव ऐकून काहींना नवल वाटेल. परंतु साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी भाषा समितीचा अंश श्रावकाने संसारात राहून कसा जपावा, याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, डॉ. विश्वास मेहेंदळे अशा मंडळींनी तेथील मराठी बातम्यांना वळण लावले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकलेल्या भिडे यांनी तीच परंपरा अनेक दशके चालविली. जाहिराती आणि माहितीपट यांनाही त्यांनी आवाज दिला. ७ जून २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा आवाज भारदस्त होता, उच्चार निर्दोष होते. पण खरे मोल संयमाचे होते. निवडणुकीचा निकाल असो वा अपघात, स्वतःचा राग-लोभ त्यांनी वाक्यात मिसळू दिला नाही. हित, मित आणि प्रिय बोलावे, असे आपण प्रवचनात ऐकतो. तसे बोलणे हीच त्यांची नोकरी होती. २००७ पासून चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या आल्या, स्पर्धा वाढली आणि आवाजही चढले. पुढे मोबाईलने तर प्रत्येकालाच वृत्तनिवेदक केले.

याचे गांभीर्य आपल्या खालापूर तालुक्याने अनुभवले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २३ जुलैला शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. 'मृत' आणि 'बेपत्ता' हे दोन वेगळे शब्द आहेत. ज्याचा भाऊ ढिगाऱ्याखाली आहे, त्याच्या उरल्यासुरल्या आशेचा आधार त्या अंतरात असतो. अशा वेळी खातरजमा न करता आकडा पुढे पाठविणे ही वाणीने घडलेली हिंसाच होय.

आमच्या कापडाच्या धंद्यात मोजल्याशिवाय ताग्याला कात्री लावीत नाहीत, कारण कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. शब्दाचेही तसेच आहे. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण प्रत्येकाने एक छोटा नियम घ्यावा: कोणाच्या मृत्यूची, बदनामीची किंवा भांडणाची वार्ता, ती प्रत्यक्ष कोणी पाहिली हे विचारल्याविना, पुढे पाठवायची नाही. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक जैन घरात एवढे पाळले गेले, तरी या महोत्सवाचे सार्थक होईल.