युरोपांतील जाझ आणि कार्ल्याचें लेणें



सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी आठवीच्या मुलांस घेऊन कार्ल्याचीं लेणीं पाहावयास गेलों होतों. एकवीरेच्या दर्शनास आलेल्या मंडळींची गर्दी ओलांडून आम्ही त्या विशाल चैत्यगृहांत पाऊल ठेवलें मात्र, तोंच एका मुलानें मोठ्यानें हाळी दिली. खांबांच्या रांगांतून आणि वरच्या लांकडी कमानींखालून ती हाळी फिरून परत आली, आणि मग काय विचारतां! चाळीस मुलांनीं एकदम तोंडें उघडलीं. मीं सर्वांस दटावून गप्प केलें, पहिल्या हाळीच्या धन्यास बाहेर उन्हांत उभें केलें, आणि स्तूप, खांब व शिलालेख यांची माहिती सांगावयास लागलों. ती माहिती त्यांपैकीं एकाच्याहि लक्षांत राहिली असेल असें मला वाटत नाहीं.

बाहेर उभा केलेला तो मुलगा आज जर्मनींत इंजिनियर आहे. दोन वर्षांपूर्वीं त्याच्याकडून एक पुडकें आलें. आंत जुन्या बाजारांत मिळालेली एक काळी तबकडी आणि चार ओळींची चिठ्ठी होती. त्यानें लिहिलें होतें, "सर, कार्ल्याच्या लेण्यांत आपण मला ओरडूं दिलें नाहीं. या गृहस्थांस मात्र कोणीं अडविलेलें दिसत नाहीं." तबकडीचें नांव ‘ताजमहाल आणि कार्ल्याचीं लेणीं यांतील संगीत’ अशा अर्थाचें. वादक तोमाश स्तान्को, राहणार पोलंड, वाद्य ट्रंपेट, वर्ष १९८०. दुसरा साथीदार नाहीं, ताल धरणारा नाहीं. एकटा मनुष्य, एक पितळेची नळी आणि भोंवतीं दगड.

प्रामाणिकपणें सांगतों, तोंपर्यंत जाझ म्हणजे हॉटेलांतला गोंगाट, अशी माझी पक्की समजूत होती. ट्रंपेट म्हटलें कीं लग्नाच्या वरातींतला बँड डोळ्यांपुढें येई. ही तबकडी ऐकल्यावर मला प्रथम राग आला, तो माझा स्वतःचा. हा परदेशस्थ मनुष्य एक लहानसा स्वरसमूह वाजवितो आणि थांबतो. दगड उत्तर देतो. तें उत्तर पुरें विरण्यापूर्वीं तो त्यावर दुसरा स्वर ठेवतो. माझ्या विद्यार्थ्यानें जें एका हाळीनें सुरू केलें होतें, नेमकें तेंच हा करीत होता. आणि मीं त्यास शिक्षा केली होती. तेव्हांपासून हा मनुष्य कोण, कोठला, आणि अमेरिकेंत जन्मलेलें हें संगीत त्याच्या हातीं कसें लागलें, याचा शोध मी घेत आहें. त्या शोधांत जें हातीं आलें त्यांतील थोडें आज आपणांपुढें ठेवितों.

ज्यांस या संगीताचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जाझचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेंतील नीग्रो समाजांत, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरीं, विसाव्या शतकाच्या आरंभास झाला. आपला गवई चीज मांडतो आणि मग तिच्या अंगानें उपज करितो, तसेंच येथेंहि चाल एकदां वाजवून झाली कीं वादक आपल्या मनानें विस्तार करूं लागतो. परंतु एक मोठा भेद आहे. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. जाझमध्यें पियानोवाला खालचे स्वरमेळ क्षणोक्षणीं बदलीत असतो, म्हणजे पायाखालची जमीनच सरकत असते, आणि त्या सरकत्या जमिनीवरून वादकानें तोल सांभाळीत आवर्तन पुरें करावयाचें असतें. हें एवढें ध्यानांत धरलें तरी गोंगाट पुष्कळसा कमी होतो.

युरोपीय वादकांनीं प्रथम या संगीताची नक्कल केली, आणि नक्कल ती नक्कलच. अपवाद फ्रान्समधील जांगो राइनहार्ट याचा. वणवण फिरणाऱ्या जिप्सी जमातींत वाढलेला हा गिटारवादक १९२८ सालीं आगींत सांपडला व त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें जवळजवळ निकामी झालीं. उरलेल्या बोटांनीं त्यानें वाजविण्याची नवी रीत बसविली आणि १९३४ पासून व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्या जोडीनें पॅरिसमध्यें असें जाझ वाजविलें कीं त्यांत ढोलहि नव्हता आणि ट्रंपेटहि नव्हतें. पण तो एकटाच. खरें वळण लागलें तें दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि माझ्या मतें तें सर्वांत स्पष्ट दिसतें पोलंडमध्यें.

स्टालिनच्या अमदानींत पोलंडमधील सरकारास जाझ हें शत्रुराष्ट्राचें संगीत वाटे. तें वाजविणारे लोक घरांच्या बंद दारांआड जमत. त्या काळास तेथील रसिक पुढें ‘भुयारांचा काळ’ म्हणूं लागले. या लोकांना शिकविणार कोण? शिक्षक होता रेडिओ! १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून विलिस कोनोव्हर नांवाचे एक गृहस्थ जाझचा कार्यक्रम सादर करूं लागले. परक्या मुलुखांतील श्रोत्यांस कळावें म्हणून ते मुद्दाम संथ आणि स्वच्छ इंग्रजी बोलत. पूर्व युरोपांतील तरुण लघुलहरींच्या खरखरींतून तें ऐकत आणि कानांनीं टिपून घेत. ध्वनिक्षेपकापुढें बसून मी हें सांगत आहें, म्हणून त्या कोनोव्हरसाहेबांविषयीं मला थोडा अधिक जिव्हाळा वाटतो, हें कबूल केलें पाहिजे.

याच श्रोतृवर्गांतून क्शिश्तोफ कोमेदा वर आला. त्याचें खरें आडनांव त्शिंस्की. धंद्यानें तो कान, नाक व घसा यांचा डॉक्टर. दिवसां रुग्णालय आणि रात्रीं पियानो! रुग्णालयांतील मंडळींस या छंदाचा सुगावा लागूं नये म्हणून त्यानें ‘कोमेदा’ हें टोपणनांव घेतलें. १९५६ मध्यें सोपोत येथें जाझचा पहिला उघड महोत्सव भरला, त्यांत तो वाजवून गेला, आणि पुढें डॉक्टरकी सुटली ती सुटलीच. डिसेंबर १९६५ मध्यें त्यानें वार्सांत ‘अस्टिग्मॅटिक’ ही ध्वनिमुद्रिका केली. संबंध तबकडीवर अवघ्या तीन रचना. अमेरिकन जाझची चालतीबोलती लगबग येथें नाहीं. चाल मध्येंच थबकते, अंधारांत पायरी चाचपावी तशी पुढें सरकते, आणि एकाएकीं वादळ उठतें. युरोपांतील जाझला स्वतःची बोली फुटली ती येथें, असें जाणकार म्हणतात आणि मलाहि तें पटतें. या तबकडीवर ट्रंपेट वाजविणारा तेवीस वर्षांचा तरुण म्हणजे आमचा कार्ल्याचा पाहुणा, तोमाश स्तान्को.

कोमेदाचा शेवट दुःखद झाला. चित्रपटांस संगीत देण्यासाठीं तो लॉस एंजल्स येथें गेला असतां १९६८ मध्यें त्याच्या डोक्यास जबर इजा झाली. बेशुद्धावस्थेंत त्यास मायदेशीं आणिलें, आणि एप्रिल १९६९ मध्यें, अडतिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला असतां, तो वारला. स्तान्कोनें हें ऋण पुढें अठ्ठावीस वर्षांनीं फेडलें. १९९७ सालच्या ‘लितानिया’ या तबकडींत त्यानें कोमेदाच्याच रचना पुन्हां वाजविल्या. साथीला बहुतेक सारे स्वीडन व नॉर्वेचे वादक आहेत. त्यांत बर्न्ट रोझेनग्रेन हा सॅक्सोफोनवाला तर तरुणपणीं स्वतः कोमेदाबरोबर वाजविलेला. गुरूच्या पुण्यतिथीस शिष्यांनीं एकत्र बसावें, तसें मला तें वाटलें.

स्तान्कोचे स्वतःचे दिवसहि सुखाचे नव्हते. व्यसनांनीं त्यास ग्रासलें होतें, आणि १९९० नंतरच्या दशकांत त्याचे दांत गेले. ट्रंपेटवाल्याचे दांत जाणें म्हणजे गवयाचा गळा जाणें होय. ओठांची बैठक दांतांवर असते, आणि स्वर ओठांतून निघतो. पन्नाशी उलटलेल्या या मनुष्यानें कृत्रिम दांत बसवून घेतले, आणि मुळाक्षरें गिरविणाऱ्या मुलाप्रमाणें तासन् तास एकेक लांब स्वर धरून तो पुन्हां वाजवावयास शिकला. त्याच्या उत्तरकालीन तबकड्यांत स्वरास जो किंचित् फाटका, श्वासानें भरलेला घोगरेपणा आहे, तो दोष म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. मला तर तोच अधिक प्रिय आहे.

याच सुमारास त्यानें तीन पोरांस जवळ केलें. मार्चिन वासिलेव्स्की पियानोवर, स्लावोमिर कुर्क्येविच मोठ्या बासवर, आणि मिखाव मिश्क्येविच ढोलांवर. शाळकरी वयापासून एकत्र वाजविणारीं हीं मुलें. त्यांच्यासह केलेली ‘सोल ऑफ थिंग्ज’ ही २००२ सालची तबकडी, आणि तिच्या मागून २००४ व २००६ सालीं आलेल्या दोन, यांतील संयम असामान्य आहे. चौघांपैकीं कोणासहि आपली तयारी दाखविण्याची घाई नाहीं. स्तान्को जुलै २०१८ मध्यें वार्सांत वारला. त्याच्या हाताखालचे ते तिघे आजहि एकत्र वाजवितात.

आतां उत्तरेकडे वळतों. स्वीडनच्या यान योहान्सन या पियानोवादकानें १९६४ मध्यें एक तबकडी काढली, तिच्या नांवाचा अर्थ ‘स्वीडिश भाषेंतील जाझ’. तींत आपल्या देशींच्या खेड्यांतील जुन्या चाली त्यानें घेतल्या, आणि जोडीला गेओर्ग रीडेल याचा बास एवढाच. दोन माणसें, आणि बाकी शांतता. आपल्याकडे ओवीची चाल कोणी पेटीवर हलक्या हातानें वाजवावी, तितकी ती साधी. पंडितांनीं नाक मुरडावें इतकी साधी. पण त्या देशांत जाझच्या इतर कोणत्याहि तबकडीपेक्षां हीच अधिक खपली. योहान्सन १९६८ मध्यें मोटारीच्या अपघातांत गेला. ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांस सांगावयास हरकत नाहीं कीं पिपी लाँगस्टॉकिंग या खोडकर मुलीच्या गाण्याची चालहि याचीच.

नॉर्वेचा यान गार्बारेक हा १९४७ मध्यें जन्मला; बाप युद्धकैदी म्हणून तेथें आणलेला पोलिश मनुष्य, आई नॉर्वेची. चौदाव्या वर्षीं त्यानें जॉन कोल्ट्रेन याचा सॅक्सोफोन रेडिओवर ऐकला (पाहा, पुन्हां रेडिओच!) आणि तो त्याच वाद्याच्या मागें लागला. पुढें म्यूनिकच्या मान्फ्रेड आयखर यांनीं १९६९ मध्यें स्थापिलेल्या ‘ईसीएम’ या कंपनीनें त्याचा स्वर जगभर नेला. स्तान्कोच्या मघां सांगितलेल्या ‘लितानिया’पासून पुढच्या तबकड्याहि याच कंपनीच्या. आयखर यांस स्वरांइतकीच स्वरांमधली पोकळी महत्त्वाची वाटते. तिच्या आहारीं जाऊन या कंपनीच्या कांहीं तबकड्या इतक्या थंड झाल्या आहेत कीं ऐकतां ऐकतां शाल पांघरावीशी वाटते. पण १९९४ सालची ‘ओफित्सियुम’ तशी नाहीं. इंग्लंडचे चार गायक शेंकडों वर्षांपूर्वींचीं लॅटिन धर्मगीतें गात आहेत, आणि त्यांच्यामधून गार्बारेकचा सॅक्सोफोन पांचव्या गायकासारखा फिरत आहे. ध्वनिमुद्रण झालें ऑस्ट्रियांतील सेंट गेरोल्ड येथील मठांत. तेथील भिंतींनीं जें काम केलें आहे तें ऐकतांना मला कार्ल्याचीच आठवण झाली. या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

याच गार्बारेकबरोबर आपल्या मुंबईचा त्रिलोक गुर्टू वाजवीत आला आहे. १९८५ सालच्या ‘साँग फॉर एव्हरीवन’ या एल. शंकर यांच्या तबकडींत हे दोघे आणि झाकिर हुसेन एकत्र आहेत. त्रिलोक हा बेळगांवांत जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा मुलगा. १९८८ मध्यें त्यानें ‘उसफ्रेत’ ही आपली तबकडी काढली, तेव्हां तींत गाण्यासाठीं आईसच बोलाविलें. शोभाबाईंचा तो भरदार आवाज आणि खालीं तीं परकीं वाद्यें! माझ्या कानास ही जोडी सर्वत्र जमलेली वाटली नाहीं, पण जेथें जमली आहे तेथें ऐकणारा उठून बसतो.

आणखी एकाच तबकडीचा उल्लेख करितों. स्वीडनचा एस्ब्योर्न स्वेन्सन आणि त्याचे दोन सोबती यांच्या त्रिकुटानें २००० सालच्या आगेंमागें तरुण मंडळींस वेड लाविलें होतें. त्यांच्या यंत्रांच्या करामती मला फारशा भावत नाहींत. जून २००८ मध्यें पाण्याखालीं पोहतांना अपघात होऊन स्वेन्सन चव्वेचाळिसाव्या वर्षीं वारला. त्यानंतर दहाएक वर्षांनीं त्याच्या पत्नीस त्याच्या संगणकाच्या सांठ्यांत कांहीं ध्वनिमुद्रणें सांपडलीं. मृत्यूपूर्वीं कांहीं आठवडे घरीं एकट्यानें बसून, कोणासहि न सांगतां, वाजविलेल्या पियानोच्या त्या नऊ रचना होत्या. त्या २०२२ मध्यें ‘होम एस.’ या नांवानें प्रसिद्ध झाल्या. यंत्रें नाहींत, सोबती नाहींत, कोणी ऐकत आहे याची जाणीवहि नाहीं. मीं ती रात्रीं ऐकिली आणि दुसरी बाजू लावावयास उठलों नाहीं.

माझ्या त्या विद्यार्थ्यास मीं पत्रोत्तर धाडलें आहे. पुढील डिसेंबरांत तो येणार आहे. एकवीरेच्या भाविकांची गर्दी होण्यापूर्वीं, लेणें उघडतांच, आम्ही दोघे कार्ल्यास जाणार आहों. पहारेकऱ्याची हरकत नसेल तर त्यानें एकदां हाळी द्यावी, असें मीं त्यास लिहिलें आहे. आपल्याला आतां तेवढा आवाज राहिला नाहीं, तेव्हां ती सरांनींच द्यावी, असें त्याचें म्हणणें पडलें.