जत्रेंत नेलेलीं लेंकरें

गेल्या जत्रेनंतर माझ्या वर्गांतलीं सात मुलें हगवणीनें घरीं पडलीं. कोणी देवीचा कोप म्हणून कोंबडें कापलें. कोप कसला! मीं डोळ्यांनीं पाहिलें: पोरांनीं गुरें कुरवाळलीं, धूळ चिवडली, आणि त्याच हातांनीं रेवड्या खाल्ल्या. जंतू दिसत नाहींत. हातावरून तोंडावाटे पोटांत जातात. नुसत्या पाण्यानें ते पुरते निघत नाहींत. साबणाची वडी बरोबर न्या, खाऊ देण्यापूर्वीं पोराचीं बोटें नखांसकट चोळून धुवा. पाणी घरून उकळून न्या. गोवर निघालेलें मूल मात्र नेऊंच नका. त्याचे विषाणू हवेंत दोन तासांपर्यंत टिकतात. गोवराची लस ९ महिने पुरे होतांच टोंचवा, दुसरी दीड वर्षाच्या सुमारास. सरकारी दवाखान्यांत पैसे पडत नाहींत. ओली वडी फडक्यांत बुळबुळते, अशी आमच्या मंडळींची तक्रार आहे. तिला पत्र्याची डबी करावी.