वर्षाची बेरीज आणि संध्याकाळचे तास



गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत एक वाक्य हमखास दिसू लागले आहे: आमच्या कामकाजाला लागणाऱ्या विजेपैकी इतके टक्के वीज आम्ही नूतनीकरणीय स्रोतांतून घेतो. काही अहवालांत हा आकडा शंभरापर्यंत पोहोचलेला असतो. हा आकडा खोटा असतो, असे माझे म्हणणे नाही. पण तो वर्षाच्या बेरजेचा आकडा असतो आणि वीज तर ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार व्हावी लागते. बेरीज जुळली तरी प्रत्येक तास जुळतोच असे नाही. न जुळणाऱ्या तासांना कोणाची वीज लागते आणि त्या विजेचा भार कोण सोसतो, हे आता कंपन्यांनी सांगायला हवे. आजच्या व्याख्यानात मी एवढाच आग्रह धरणार आहे.

आधी ही खरेदी होते कशी ते पाहू. सर्वांत सोपी वाट म्हणजे कारखान्याच्या छतावर पॅनेल बसवणे. पण मोठ्या कारखान्याच्या गरजेपुढे छत लहानच पडते. दुसरी वाट 2003 च्या वीज कायद्याने खुली केली. दूर कुठे तरी उभ्या असलेल्या सौर किंवा पवन प्रकल्पाशी करार करायचा आणि तारांचे भाडे भरून ती वीज आपल्या मीटरपर्यंत आणायची. याला ओपन अॅक्सेस म्हणतात. पूर्वी त्यासाठी एक मेगावॅटची मागणी लागे. 2022 च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी ही अट शंभर किलोवॅटवर आणली. तिसरी वाट आज उद्योगांना सर्वांत प्रिय आहे, ती ग्रुप कॅप्टिव्हची. काही कंपन्यांनी मिळून प्रकल्पात किमान 26 टक्के भागभांडवल घ्यायचे आणि त्याची किमान 51 टक्के वीज स्वतः वापरायची, म्हणजे तो प्रकल्प त्यांचा ‘स्वतःचा’ ठरतो आणि शेतीपंप व गरीब घरांच्या सवलतीसाठी घेतला जाणारा क्रॉस सबसिडीचा अधिभार माफ होतो. चौथी वाट प्रमाणपत्रांची. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॅट-तास हरित वीज कुठे तरी तयार झाल्याची नोंद. या खरेदीत कंपनीच्या तारेतून येणारी वीज काही बदलत नाही. आधीच चालू असलेल्या प्रकल्पाचे प्रमाणपत्र घेऊन टक्केवारी वाढवणे मला सर्वांत कमकुवत वाटते, कारण त्या पैशातून नवे काही उभे राहीलच याची खात्री नसते.

बेरजेच्या हिशेबाने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2010 मध्ये गूगलने अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील 114 मेगावॅटच्या पवन प्रकल्पाची वीज वीस वर्षांसाठी घेण्याचा करार केला. असा लांब मुदतीचा खात्रीचा ग्राहक मिळाला की प्रकल्पाला कर्ज सहज मिळते आणि वीज स्वस्त होते. जगभर पुढे हेच झाले. 2017 मध्ये गूगलने वर्षभराच्या वापराइतकी हरित वीज विकत घेतली. त्यानंतर या कंपनीने केलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तिने हिशेब तासातासाने मांडायला घेतला आणि 2023 साठी कार्बनमुक्त विजेचा आकडा सुमारे 64 टक्के निघाला. वर्षाच्या बेरजेत शंभर, तासाच्या हिशेबात चौसष्ट! कंपनी तीच, मोजपट्टी तेवढी बदललेली.

आपल्याकडे हा फरक आणखी बोचरा आहे. देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशावर तयार होते, आणि नवी हरित क्षमता प्रामुख्याने सौर आहे. दुपारी वीज मुबलक असते. सूर्य मावळला की घराघरांत दिवे, पंखे आणि स्वयंपाकघरे सुरू होतात आणि नेमका तेव्हाच सौर प्रकल्प शून्यावर येतो. दुसऱ्या पाळीत चालणारा कारखाना आणि चोवीस तास चालणारे ऐरोलीतले डेटा सेंटर यांची गरज मात्र तशीच राहते. दुपारी जास्तीची वीज ग्रिडमध्ये सोडायची आणि नंतर तितकीच परत घ्यायची, या सोयीला बँकिंग म्हणतात. पण बँकेत ठेवलेल्या पैशासारखी वीज कुठे जपून ठेवलेली नसते. संध्याकाळी परत मिळते ती बहुधा कोळशाच्या भट्टीतली. महाराष्ट्राच्या नियामक आयोगाने दिवसा जमा केलेली वीज गर्दीच्या तासांत काढण्यावर निर्बंध आणले, तेव्हा उद्योगांनी जोरदार तक्रार केली. नियम वरचेवर बदलले की गुंतवणूक डळमळते, ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण दुपारचे युनिट आणि संध्याकाळचे युनिट एकाच मोलाचे धरावे, ही मागणी मला पटत नाही.

वीज मिळण्याची वेळ आणि लागण्याची वेळ न जुळणे मुंबईच्या उद्योगाला नवे नाही. 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईच्या कापड गिरण्यांपर्यंत आली. पाऊस चार महिने पडायचा, गिरण्या वर्षभर चालायच्या. हे अंतर लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांनी भरून काढले. साठवण त्या योजनेचा पायाच होती. आज वीज निर्माण करणारा एकीकडे आणि साठवणारा, असलाच तर, दुसरीकडे, अशी फाळणी झाली आहे. हे अंतर भरायला किती लागते, याचे एक उदाहरण देतो. आर्सेलरमित्तलने 2022 मध्ये आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टीलच्या हजिऱ्याच्या पोलाद कारखान्यासाठी आंध्र प्रदेशात सौर आणि पवन मिळून 975 मेगावॅटचा प्रकल्प जाहीर केला. त्याला उदंचन जलविद्युतची, म्हणजे जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडण्याच्या व्यवस्थेची, जोड आहे. त्यातून अखंड वीज ठरली 250 मेगावॅट. जवळजवळ चौपट क्षमता आणि वर साठवण: अखंड हरित विजेची ही खरी किंमत आहे, आणि ती कारखान्याने आपल्या करारातच मान्य केली.

साठवण म्हटली की सह्याद्रीचे चढउतार डोळ्यांसमोर येतात. भिरा आणि घाटघर येथे उदंचन आधीच चालते, आणि 2023 मध्ये शिरोता व भिवपुरी येथील मिळून 2,800 मेगावॅटच्या योजनांसाठी टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला. इथे इतिहास विसरून चालणार नाही. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. वीज मुंबईला हवी होती आणि बुडणार होती मावळची भातशेती. म्हणून हरित वीज घेणाऱ्या कंपनीला जमिनीचा आणि पाण्याचा प्रश्न विक्रेत्यावर सोडून मोकळे होता येणार नाही. बॅटरीचा पर्याय त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो. 2022 मधील सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या निविदेत बॅटरीचे भाडे मेगावॅटमागे दरमहा सुमारे 10.8 लाख रुपये निघाले होते. 2024 च्या अखेरीस, सरकारी अनुदानाची जोड असलेल्या निविदांत, ते अडीच लाखांच्या खाली आले. संध्याकाळ परवडत नाही, हे कारण दर वर्षी दुबळे होत चालले आहे.

एक गंभीर आक्षेप याहून वेगळा आहे. मोठे ग्राहक महावितरणला सोडून गेले तर शेतीपंपांच्या आणि गरीब घरांच्या सवलतीचा भार उरलेल्यांवर पडेल. हा आक्षेप खरा आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅप्टिव्ह ग्राहकांना अतिरिक्त अधिभारही लागू होत नाही असे ठरवले, त्यामुळे ही ओढ वाढली. कायद्याने दिलेला हक्क वापरल्याबद्दल कंपनीला दोष देता येणार नाही. पण दुपारी बाहेरची स्वस्त वीज घ्यायची आणि महागड्या संध्याकाळी मात्र महावितरणने सज्ज राहावे, ही वाटणी न्यायाची नाही. कंपनीने संध्याकाळचीही सोय आपल्या करारात केली, तर वितरण कंपनीवरचा हा भार पुष्कळ हलका होईल. सवलतींचा पैसा कोठून आणायचा हा प्रश्न तरीही उरेल, आणि तो शासनाने अंदाजपत्रकातून सोडवायचा आहे.

लहान उद्योगांना हे झेपेल का, असे विचारले जाते. त्यांच्याकडून चोवीस तासांचा करार कोणी मागू नये. पण त्यांना वेळ बदलता येते. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे पाठ आहे: रात्रीच्या विजेला सवलत होती म्हणून भट्टीचे काम रात्री नेण्याचा हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे मांडला. आता सवलत सूर्याच्या तासांकडे सरकली आहे. तेच वितळकाम दुपारी आणले, तर बॅटरीशिवायही त्यांचा हिशेब मोठ्या कंपनीपेक्षा स्वच्छ ठरेल, आणि कामगारांच्या रात्रपाळ्या कमी होतील.

तासाचा हिशेब किचकट आहे, ही सबब तर अजिबात टिकत नाही. आपल्या ग्रिडचा व्यवहार पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत होतो आणि ओपन अॅक्सेसच्या ग्राहकाकडे त्या टप्प्यांची नोंद ठेवणारा मीटर असतोच. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात दोन रकाने वाढवावेत: वापराच्या किती टक्के तासांना त्याच तासाची हरित वीज होती, आणि त्यातील किती वीज कंपनीच्या करारामुळे उभ्या राहिलेल्या नव्या प्रकल्पांतून आली. युरोपीय संघाने हरित हायड्रोजनसाठी 2030 पासून तासाची जुळणी बंधनकारक केली आहे. तिकडे हायड्रोजन विकू पाहणाऱ्या आपल्या उद्योगांना ही वही तशीही लिहावीच लागणार आहे. ती आपल्या भागधारकांसमोर आणि महावितरणच्या इतर ग्राहकांसमोर आजच उघडायला कोणत्याही कंपनीची हरकत नसावी.